नववी 'ब'च्या यादीतलं पहिलं नाव

काचीगुडा, हैदराबाद
मंगळवार, ४ मे २००४

चि. श्रीकांत,

तुला, मंगलाला आणि मकरंदला अक्काचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेल्या मास्तरणीचे गुडघे कुरकुरणारच. तुम्ही तिघं खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस.

पोस्टात पाकीट आणायला गेले तर तिथला माणूस पत्ता ऐकून हसायलाच लागला. "अम्मा, मलकपेठ तो एक स्टेशन है. जाके बात करके आओ ना!" आता त्याला काय सांगू? फोन केला की आवाज ओळखून तू रिसीव्हर ठेवतोस. दारात आले तर बिचाऱ्या मंगलाची पंचाईत, मला पाणी द्यायचं की तुझं तोंड सांभाळायचं. म्हणून पाच रुपये खर्चून एका स्टेशनाचं अंतर कापते आहे.

ऊन मी म्हणतंय. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. बेनिशान आंबे आलेत बाजारात. मी दोनच आणते. एक खाते आणि दुसरा कुणी येईल म्हणून ठेवते, तो नासतो.

आपल्या शाळेची बातमी म्हणजे या वर्षी दहावीला सगळी मिळून अकरा मुलं होती. सगळ्यांना इंग्रजी पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे, अमेरिका पाहिजे. मराठी माध्यमात घालतंय कोण? त्यात खात्याचं नवीन परिपत्रक आलंय. छडीचं तर नावच काढायचं नाही, वर्गाबाहेर उभंही करायचं नाही, आणि दारात मुलांसाठी तक्रारपेटी. नव्या हेडबाई मला विचारत होत्या, "सुशीलाबाई, मग शिस्त लावायची कशी?" मी म्हटलं, आम्ही लावली तेव्हा कुठे दिवे लागले!

आता मुद्द्याचं लिहिते. मंगलाचा फोन आला होता. तिच्यावर डाफरू नकोस. "वन्सं, यांना कळू देऊ नका," असं चारदा म्हणाली, पण मला तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही. मकरंदला माधापूरच्या कंपनीत घेतलं हे ऐकून मी एकटीच घरात मोठ्याने हसले. कोठी भागातल्या त्या कळकट दुकानात सहा वर्षं लोकांची कॉम्प्युटरं उघडत बसला, आणि शेवटी आपल्या जोरावर वर आला पोरगा. पण कंपनीला पोलिसांचा दाखला हवा आहे, आणि ठाण्यात गेला तर जुन्या रजिस्टरात त्याचं नाव निघालं म्हणे.

ते रजिस्टर कसलं, हे तुला सांगायला नको. शहाण्णव साली शहरातल्या दुसऱ्या एका शाळेत एका मुलाने वर्गमित्राला भोसकलं, पेपरांनी आठ दिवस रान उठवलं आणि सरकारला एकदम जाग आली. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गातून 'आक्रमक वर्तना'च्या किमान दोन मुलांची नावं द्या. निरंक अहवाल चालणार नाही. नावं ठाण्यात जाणार आणि त्या मुलांनी सहा महिने दर रविवारी दहा वाजता तिथे जाऊन सही करायची. जसं काही वर्गागणिक दोन गुंड पिकतातच! मकरंदचं नाव त्यात गेलं. कसं गेलं ते आपण तेव्हाच बोललो आहोत, पुन्हा उगाळत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तन असमाधानकारक' असा शेरा बसला, एकाही शाळेने दारात उभं केलं नाही, दहावी बाहेरून द्यावी लागली. हे सगळं त्याने सोसलं आहे.

मंगला म्हणाली, आता जुन्या याद्या बंद करायचा हुकूम आला आहे. ज्याने नाव दिलं त्याने, किंवा शाळेतल्या माहितगार माणसाने, नाव घालायला कारण नव्हतं असं लेखी दिलं तर ते कमी होतं. पंधरा जूनच्या आत व्हायला हवं, नाहीतर कंपनी थांबणार नाही. मी आहे ना माहितगार. नववी 'ब'ची वर्गशिक्षिका मीच होते. काय लिहून हवं ते कळव, मी देते.

दोन ओळी पाठवल्यास तरी चालेल.

तुझी
अक्का


काचीगुडा
बुधवार, १९ मे २००४

चि. श्रीकांत,

तुझं कार्ड पोचलं. आठ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, ओळ वर चढत जाते. मला 'आपण' लिहिलंयस. लहानपणी माझी वेणी ओढून पळणारा तू, आणि मी 'आपण'! वाचून आधी राग आला, मग डोळ्यांत पाणी आलं.

तू लिहितोस, "मकरंदचे नाव कै. नामदेवराव यांनी आकसापोटी घातले, असे आपण लिहून द्यावे. नावे वरून आली हे आपणच तेव्हा सांगितले होते. मुलाचे काम होऊ द्या. मग एकदा येऊन जा. मंगला पुरण घालील." ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

मी लिहायला बसले, बरं का. टेबल पुसलं, चांगला कागद घेतला. इंग्रजीत 'कै. नामदेवराव, तत्कालीन मुख्याध्यापक' इथपर्यंत लिहिलं. कोण विचारणार होतं? ते गेले गेल्या दिवाळीत. त्यांची मुलं नाहीत भांडायला. मकरंदला नोकरी मिळेल, तू बोलायला लागशील, मी तुमच्याकडे पाटावर बसून पुरणपोळी खाईन. एक ओळ लिहिली की सगळं मिळत होतं. पण ती पुढची ओळ माझ्याच्याने लिहवेना.

श्रीकांत, नाव वरून आलं नव्हतं. नाव मी घातलं. माझ्या हाताने, यादीत पहिल्या नंबरावर.

कागद खाली ठेवू नकोस. पुढचं वाच. आज लिहिलं नाही तर मी परत कधी लिहिणार नाही, मला माझा भरवसा नाही.

नानांचा वर्ग तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. ते गणित शिकवायचे आणि तू त्यांच्याच वर्गात. मागे गलका झाला की फळ्याकडे तोंड ठेवूनच ते म्हणायचे, "श्रीकांत, हात पुढे." तू बोललास की नाही याचा काही संबंध नसायचा. पहिली छडी घरच्या पोराला, मग बाकीच्यांना. मग कुणाच्या बापाची तक्रार घेऊन यायची टाप नव्हती. अख्ख्या गल्लीत म्हणायचे, मास्तर असावा तर असा, पोटच्या पोराला सोडत नाही. मीही तेच म्हणायचे. मी मुलींच्या वर्गात, मला कधी लागली नाही ती छडी. संध्याकाळी आई तुझ्या तळहाताला तूप लावत बसायची आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायची. मला तुझा हात दिसलाच नाही रे. मला फक्त नानांचा मान दिसायचा, आणि मास्तरीण झाल्यावर मला तोच हवा होता.

परिपत्रक आलं त्या दिवशी नामदेवरावांनी सगळ्या वर्गशिक्षकांना बोलावलं. बाराच्या आत नावं द्या, शिपाई कागद घेऊन निघणार आहे. माझ्या वर्गात उमाजीचं नाव ठरल्यासारखंच होतं. त्याने बाकाची फळी उपसून एकाच्या डोक्यात घातली होती, तीन टाके पडले होते. दुसरं नाव कुणाचं? वर्गात तसा कुणीच नव्हता. तेवढ्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणालं, "बाईंच्या वर्गातून भाचा सोडून कुणीही जाईल." झालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मकरंदने आठवड्यापूर्वी डस्टर फेकला होता. कुणाला लागला नव्हता, भिंतीवर आपटला. पोरं त्याला 'बाईंचा लाडका' म्हणून चिडवत होती, म्हणून फेकला. तेवढंच. आणि आणखी एक सांगते, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. उमाजीचा बाप काचीगुड्याच्या मालधक्क्यावर हमाल. उमाजीचं नाव वर असतं तर तो म्हणाला असता, बाईंना गरिबाचंच पोर सापडलं. म्हणून आधी घरचं नाव लिहिलं आणि खाली उमाजीचं. नामदेवरावांनी कागद हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सुशीलाबाई, भाचा ना तुमचा? जरा विचार करा. सरकारात गेलेला कागद परत येत नसतो." मी काय म्हटलं असेन? "सर, घरापासून सुरुवात केली की कुणाचं तोंड उघडत नाही." आणि मान ताठ करून तासाला गेले. नाना असते तर शाबासकी दिली असती, असंही मनात आलं. लाज वाटते लिहिताना, पण आलं होतं.

आणि युक्ती लागू पडली बघ. उमाजीचा बाप शाळेत आला, दाराशी हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "बाईंनी स्वतःच्या भाच्यालाबी सोडलं नाही, मग आम्ही काय बोलावं?" आणि पोराला घेऊन गेला.

मला वाटलं होतं, सह्या करतील दोन-चार रविवार आणि सरकार विसरून जाईल. सरकार इतर सगळं विसरतं, हे नाही विसरलं. दाखल्यावर शेरा मारायचा दुसरा हुकूम आला तेव्हा माझं धाबं दणाणलं. मग तू आलास. चप्पल न काढता आत आलास आणि विचारलंस, "अक्का, कुणी घातलं नाव?" तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून आली नावं." खरं सांगायला एक क्षण होता, तो मी घालवला. दुसऱ्या दिवशी तू प्रार्थनेच्या वेळी अख्ख्या शाळेसमोर नामदेवरावांना कसाई म्हणालास. ते हात बांधून उभे होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट उघडून त्यात डोकं घातलं. एवढं होऊनही ते माझ्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, रिटायर होईपर्यंत नाही, मरेपर्यंत नाही.

तुझा माझ्यावर राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तू म्हणाला होतास, "मी त्या ठाण्याची पायरी चढणार नाही, चढलो तर तिथे कुणाच्या तरी अंगावर हात टाकीन. तू मास्तरीण आहेस, तुझा मान ठेवतील, तू जात जा रविवारी मकरंदबरोबर." मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. तू म्हणालास, "सहा महिने?" आणि निघून गेलास, तो आजतागायत. पेपर नव्हते रे. ती यादी ठाण्यातल्या रजिस्टरात चिकटवलेली होती आणि तिच्याखाली माझी सही होती. मी गेले असते तर तिथेच उघडी पडले असते. म्हणून चौदा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन एकटा गेला.

परवा नामदेवरावांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. हे म्हणायचे, बाई आपणहून सांगतील एक दिवस." मी तिथून कशी बाहेर पडले ते मला आठवत नाही.

आता ठाण्यात जाऊन खरं ते लिहून देणार आहे. चौकशी केली, तेवढ्याने मकरंदचं काम होतं. माझं लिहिलेलं खात्याकडेही जाईल, काय करायचं ते करोत. नामदेवरावांचं नाव मी त्यात घेणार नाही, तूही यापुढे घेऊ नकोस.

तू 'येऊन जा' लिहिलंस ते हे सगळं कळायच्या आधी. म्हणून मी ते आमंत्रण धरून बसत नाही.

सुशीला


काचीगुडा
बुधवार, २ जून २००४

चि. श्रीकांत,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. शिव्या घालून चार ओळी लिहिल्या असत्यास तरी मला बरं वाटलं असतं, पण ते तुझ्या मर्जीवर.

मंगलाने एवढं कळवलं की माझं पत्र तू वाचलंस, दोनदा वाचलंस, मग कपाटात कपड्यांखाली घालून किल्ली खिशात टाकलीस. तिला म्हणालास, "मकरंदला यातलं काही कळता कामा नये. आत्यानेच केलं हे कळलं तर पोराचा जीव जाईल." तेव्हापासून घरात तू कुणाशी धड बोलत नाहीस. म्हणून हे लिहिते आहे. हे पत्र कपाटात ठेवू नकोस.

काल मी ठाण्यात गेले. यादगिरी नावाचा हेड कॉन्स्टेबल आहे, पोट सुटलेला, चांगला माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला. "बोलो टीचरम्मा, ये नाम किसने दिया था?" मी म्हटलं, "मैंने." त्याने चष्म्यावरून बघितलं. "लडके ने किया क्या था?" मी म्हटलं, "कुछ नहीं." तो म्हणाला, "कुछ नहीं किया तो कायकू दिये?" छत्तीस वर्षं मुलांना कारणं द्या म्हणणारी मी, मला त्याला कारण देता येईना. शेवटी म्हटलं, "माझी अक्कल गेली होती." मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

मग त्याने आतून ते रजिस्टर आणलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आपल्या शाळेची पानं शाबूत. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. डाव्या बाजूला माझी यादी चिकटवलेली, पहिलं नाव मकरंदचं, दुसरं उमाजीचं, खाली माझी सही, चांगली ठळक, खाली रेघ मारलेली. मी सहीखाली रेघ मारते ना, तशी. आणि उजव्या बाजूला रविवारच्या सह्या. उमाजीच्या दोनच, पुढे त्याचा रकाना कोरा. मकरंदच्या सव्वीस.

मी मोजल्या. पहिली मराठीत, पूर्ण नाव, मीच गिरवून घेतलेलं गोल अक्षर. पुढे पुढे नाव आखडत गेलं, शेवटी नुसता एक 'म' आणि एक फराटा. पण श्रीकांत, प्रत्येक सही त्याच उघड्या पानावर आहे. डावीकडे माझं नाव, उजवीकडे त्याचं. सव्वीस रविवार त्या मुलाने माझी सही बघून आपली सही केली आहे. त्याला पहिल्या रविवारपासून माहीत होतं.

यादगिरी पाणी घेऊन आला. मला नात्यातल्या दीपालीच्या लग्नातला मकरंद आठवत होता, तीन वर्षांपूर्वीचा. तू मांडवात माझ्याकडे पाठ करून बसला होतास. तो मात्र सरळ आला, पायावर डोकं ठेवलं, माझ्यासाठी ताट वाढून आणलं आणि जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिला. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, याला काही ठाऊक नाही. पोरगं भोळं आहे. अरे, भोळी कोण होती!

मी लिहायला बसले. यादगिरी म्हणाला दोन ओळी पुरे, पण माझं दीड पान झालं. मुलाने डस्टर भिंतीवर फेकला होता आणि मी घाबरट मास्तरणीने त्याचा गुन्हा केला, असं लिहिलं. उमाजीबद्दलही लिहिलं. त्याने मारलं होतं हे खरं, पण ते भांडण शाळेत मिटवायचं होतं, ठाण्यात न्यायचं नव्हतं. त्याचा पत्ता आता कुणाकडे नाही. बापही धक्क्यावर नाही म्हणतात. शोधते आहे.

सही करत होते तेवढ्यात मकरंद आला. त्याला यादगिरीने सहीसाठी बोलावून घेतलं होतं, मला माहीत नव्हतं. माझ्या मागे उभा राहून त्याने सगळं वाचलं. मग म्हणाला, "आत्या, कायको इतकं लिहिलं? दोन लाईन बस होतं." मी वर बघितलंच नाही. म्हटलं, "तुला माहीत होतं." तो म्हणाला, "हो."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

तो शेजारच्या बाकावर बसला. हातातलं हेल्मेट या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवत राहिला. मग म्हणाला, "बाबांना बहीण एकच आहे. तू माझ्याबरोबर येत नाहीस म्हणून त्यांनी बोलणं सोडलं, ते मला वाटलं होईल कधीतरी नीट. हे कळलं असतं तर कधीच झालं नसतं."

चौदा वर्षांचा होता रे तेव्हा. तू आणि मी त्या वयात कैऱ्या चोरत होतो.

मी त्याच्यापुढे हात जोडले. माफ कर म्हटलं, मोठ्याने म्हटलं, ठाण्यातली सगळी माणसं बघत होती. त्याने माझे हात धरून खाली केले. 'माफ केलं' असं काही तो बोलला नाही. बोलायला हवं असं मलाही वाटत नाही. एवढंच म्हणाला, "आत्या, आता तू बाबांना सांगू नको. माझं काम झालं, संपलं ना." मी म्हटलं, "मी सांगितलं. दोन आठवडे झाले. त्यांनी वाचलं आहे."

यादगिरीने कागदावर शिक्का मारला, साहेबांच्या सहीनंतर शुक्रवारी दाखला कंपनीत जाईल म्हणाला, रजिस्टरातल्या नावावर आमच्यासमोर लाल रेघ मारली. मकरंदने ती रेघ नीट बघितलीसुद्धा नाही. मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला, आत बसवलं, आणि रिक्षाचा दांडा धरून उभा राहिला. रिक्षावाला घाई करत होता. तेव्हा मला विचारलं, "दोन आठवडे झाले? मग बाबा मला काहीच का नाही बोलले?"

तुझा बाप तुला जपतोय, असं म्हणणार होते, पण ते माझ्या तोंडून जायला नको वाटलं. त्या घरात आठ वर्षं मुलगा बापाला जपत होता आणि दोन आठवडे बाप मुलाला जपतो आहे, आणि दोघांनाही जे जपायचं ते मीच फोडून ठेवलेलं आहे.

श्रीकांत, त्याने विचारलंय ते उत्तर माझं नाही, तुझं आहे. तो रोज सातला दुकानातून येतो. पुढे होऊन तूच बोल त्याच्याशी, त्याची वाट बघू नकोस. माझ्याशी बोललास नाही तरी चालेल.

सुशीला